जपानी वेळापत्रकाचा पूर्वेतिहास

जपानी प्राथमिक शाळेच्या वर्गातले वेळापत्रक पाहिले, तर अनेकदा प्रत्येक चौकोनात एकच चित्राक्षर असते. कोकुगोसाठी 'कोकु', सान्सूसाठी 'सान', रिकासाठी 'री', शाकाईसाठी 'शा'. जपानी शिकणारा नवखा विद्यार्थी भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे अर्थ लावून ही यादी एका बैठकीत पाठ करतो. काम भागते, पण अशा पाठांतरात एक गोष्ट निसटते. ही नावे बऱ्याच अंशी ज्ञानशाखांच्या वाढीतून आलेली नाहीत. मुलाने पुढे कोण व्हावे याबद्दलचा राज्यकर्त्यांचा विचार ज्या ज्या वेळी पालटला, त्या त्या वेळी विषयांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि नावेही बदलली. म्हणून ही यादी शासकीय दप्तरासारखी वाचायला हवी.

एदो काळातल्या तेराकोयांत, म्हणजे गावोगावच्या खासगी शाळांत, आजच्या अर्थाने विषय नव्हतेच. वाचन, लेखन आणि मण्यांच्या सोरोबानवरचा हिशेब एवढाच व्याप. मुलाला काय वाचायला द्यायचे हे बापाच्या धंद्यावर ठरे. व्यापाऱ्याच्या मुलापुढे 'शोबाई ओराई' येई, त्यात मालाची आणि व्यवहाराची नावे. शेतकऱ्याच्या मुलाला 'ह्याकुशो ओराई'. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई. मेइजी सरकारने १८७२ साली 'गाकुसेई' हा शिक्षणविषयक आदेश काढला आणि या मोकळ्या कारभारावर पाश्चात्त्य नमुन्याची लांबलचक यादी येऊन बसली: शब्दलेखन, सुलेखन, संभाषण, वाचन, नीती, पत्रलेखन, व्याकरण, अंकगणित, आरोग्य, भूगोल, विज्ञान, व्यायाम. शेवटी 'शोका', म्हणजे गायन, आणि त्यापुढे शेरा: तूर्त वगळावे. शिकवणारे नव्हते, पुस्तके नव्हती, पण नाव मात्र यादीत हवे होते. इसावा शूजी आणि अमेरिकन संगीतशिक्षक ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांनी शाळेसाठी गाणी जमवायला घेतली ती त्यानंतर काही वर्षांनी. आधी नाव आणि मागाहून विषय, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

'शूशिन' म्हणजे नीतिशिक्षण. १८७२ च्या यादीत ते कुठेतरी मध्ये होते. १८८० मध्ये शिक्षणाचा कायदा सुधारला गेला आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर आले. १८९० च्या सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्राने त्या जागेवर शिक्कामोर्तब केले. भाषेची गोष्ट याहून बोलकी आहे. १९०० पर्यंत प्राथमिक शाळेत 'कोकुगो' नावाचा विषयच नव्हता. वाचन, निबंध आणि सुलेखन वेगवेगळे शिकवत. त्या वर्षी ते एकत्र करून त्यांना कोकुगो, म्हणजे देशभाषा, हे नाव दिले गेले. भाषा आणि राष्ट्र यांचे नाते अतूट आहे, हा विचार जर्मनीहून परतलेल्या उएदा काझुतोशी यांनी १८९४ मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, व्याख्यानातून मांडला होता. त्या नावाची किंमत ओकिनावातल्या मुलांनी मोजली. घरची बोली तोंडून निघाली की गळ्यात लाकडी 'होगेन फुदा' पडे, आणि दुसरे एखादे मूल तसेच चुकेपर्यंत ती पाटी उतरत नसे. जपानच्या ताब्यातल्या तैवान आणि कोरियातल्या मुलांनाही जपानी शिकवली गेली ती कोकुगो याच नावाखाली. परदेशी माणूस आजही 'निहोंगो', म्हणजे जपानी भाषा, शिकतो आणि जपानी शाळकरी मूल 'कोकुगो'.

यावर असे म्हणता येईल की सगळ्याच बदलांत राजकारण शोधण्याचे कारण नाही; काही बदल निव्वळ शिकवण्याच्या पद्धतीतले असतात. 'सान्सू'चेच उदाहरण घ्या. पूर्वीचे नाव 'सान्जुत्सु', म्हणजे हिशेबाची कला. शिओनो नाओमिची यांच्या पुढाकाराने १९३५ पासून निघालेल्या हिरव्या वेष्टनाच्या पाठ्यपुस्तकांनी कोरड्या आकडेमोडीऐवजी मुलाच्या गणिती विचारावर भर दिला, आणि नवे नाव त्या दृष्टीला शोभते. हे खरे आहे. तरीही नाव बदलले ते १९४१ साली, प्राथमिक शाळांच्या 'राष्ट्रीय जन-शाळा' झाल्या तेव्हा. त्याच फेरबदलात शोकाचे 'ओंगाकु' झाले आणि संगीताच्या तासाला स्वर ओळखण्याच्या सरावाला महत्त्व आले. तयार कान विमानाची घरघर ओळखायलाही उपयोगी पडेल, असा त्यामागे हिशेब होता. शिक्षकांची सुधारणा आणि सैन्याची गरज एकाच फर्मानातून आत आल्या. त्यांना वेगळे काढता येत नाही आणि काढूही नये.

दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर शरद ऋतूत मुले वर्गात बसून ब्रशने आपल्याच पुस्तकांतल्या युद्धाच्या ओळींवर काळी शाई फिरवत होती. ३१ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने शूशिन, इतिहास आणि भूगोल थांबवले. इतिहास-भूगोलाला १९४६ मध्ये परवानगी मिळाली, शूशिनला नाही. १९४७ मध्ये 'शाकाई' हा अमेरिकी वळणाचा नवा विषय आला. पण मग युद्धकाळातले सान्सू आणि ओंगाकु का टिकले, साम्राज्याचे कोकुगो का टिकले? आक्षेप रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे की नावाचा उगम त्याला जन्मभर बांधून ठेवत नाही. रोजच्या वापराने ते पुसट होते. रेषा आखण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, एवढे मात्र ते सांगते.

कधी कधी नाव सीमा लपवतेही. १९४७ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलामुलींसाठी 'कातेइका', म्हणजे गृहविज्ञान, सामाईक झाले. मुलींच्या जुन्या शिवणकामाच्या तासापेक्षा हे मोठे पाऊल होते. १९५८ च्या सुधारणेने माध्यमिक शाळेत 'गिजुत्सु-कातेइ' हा जोड विषय आला. वेळापत्रकात नाव एक, पण मुलगे सुतारकामाकडे आणि मुली स्वयंपाक-शिवणाकडे. दोघांना एकत्र बसवायला १९८९ ची सुधारणा यावी लागली, आणि ती अमलात आली १९९० च्या दशकात.  

सगळ्यात सावध नाव 'दोतोकु'चे. १९५८ मध्ये नीतिशिक्षण परत आले तेव्हा शिक्षक संघटनेने विरोध केला, कारण शूशिनची आठवण ताजी होती. म्हणून त्याला विषय न म्हणता 'तास' म्हटले गेले. ते विषय झाले २०१८ मध्ये, तेही 'विशेष विषय' म्हणून. आता त्याला मंत्रालयाने मंजूर केलेली पुस्तके आहेत आणि प्रगतिपुस्तकात जागाही आहे. पण तिथे गुण नसतात, शिक्षक दोन-चार वाक्ये लिहितात, आणि ती वरच्या शाळेच्या प्रवेशासाठी धरली जात नाहीत.