सॅटर्नवरची ‘डेटोना’: दोष यंत्राचा की घाईचा?

जुन्या गेमबद्दल वाचायला लागलात की एक वाक्य हमखास भेटतं: ‘घरगुती कन्सोलचं हार्डवेअरच कमी पडलं.’ असं वाक्य दिसलं की जरा थांबा. ते तपासता येतं.

‘डेटोना यूएसए’ घ्या. सेगाच्या एएम२ विभागाने तोशिहिरो नागोशी यांच्या दिग्दर्शनाखाली हा रेसिंग गेम आर्केडच्या मॉडेल २ बोर्डासाठी केला. सेकंदाला ६० फ्रेम. १९९५ मध्ये तो सेगा सॅटर्न या कन्सोलवर आला तेव्हा फ्रेम उरल्या २०. आता साधं गणित करा. ताशी ३०० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ८३ मीटर. दोन फ्रेमच्या मधे गाडी आर्केडमध्ये १.४ मीटर सरकते, सॅटर्नवर ४.२ मीटर. त्यात पुढचे डोंगर आणि भिंती जवळ आल्यावरच अचानक उगवतात. वळण आधीच उशिरा दिसतं, आणि दिसल्यावरही हात सावरायला कमी फ्रेम मिळतात. (म्हणूनच नुसते स्क्रीनशॉट शेजारी ठेवून केलेल्या तुलना मी फारशा मनावर घेत नाही. स्थिर चित्रात फ्रेमरेट दिसणार कुठून?)

मॉडेल २ च्या पुढे सॅटर्न दुबळाच होता, हे खरं. हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, पण मेमरीकडे जाणारी बस दोघांत एकच. एक वापरतोय तोवर दुसऱ्याने ताटकळायचं.

पण इथे तुम्हाला आयता ‘कंट्रोल’ मिळतो. १९९६ मध्ये त्याच सॅटर्नवर ‘चॅम्पियनशिप सर्किट एडिशन’ आलं. चिप त्याच, तरी फ्रेम ३० च्या आसपास, आणि उगवणारे डोंगर बरेच कमी. यंत्र तेच ठेवून निकाल बदलत असेल, तर सगळा दोष यंत्रावर कसा टाकणार? बदलला होता तो हाताशी असलेला वेळ आणि अनुभव. पहिली आवृत्ती नव्या कन्सोलच्या पहिल्या गेममध्ये बसवायची होती. दुसरीच्या आधी ‘सेगा रॅली’ सॅटर्नवर येऊन गेली होती.

अर्थात हा कंट्रोल शुद्ध नाही. नव्या आवृत्तीत गाडी हाताला वेगळी लागते, त्यामुळे अनेक जुने खेळाडू अजूनही पहिलीच पसंत करतात.

इम्युलेटरवर पाहणार असाल तर रेझोल्यूशन वाढवून बघा. कडा स्वच्छ होतील, पण पहिल्या आवृत्तीतले डोंगर उशिराच येतील. किती लांबचं काढायचं, हे गेमच्या कोडमध्येच ठरलेलं आहे.