पेटीतील हत्यारे आणि त्यांवरील खुणा

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घराघरांत हत्यारांची पूजा होते. रंधा, पटाशी, करवत, वाकस, गिरमिट ही सारी पुसून पाटावर मांडली जातात, त्यांवर हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात आणि मग ती पुन्हा पेटीत जातात. परंतु ज्या पोलादावर आपण कुंकू लावतो, त्याच पोलादावर काही बारीक अक्षरे व चित्रे ठोकलेली असतात, याकडे आपल्यापैकी कितीजणांचे लक्ष गेले असेल? आमचे स्वतःचे साठी उलटेपर्यंत गेले नव्हते, हे आरंभीच कबूल करतो.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. त्याची हत्यारे गावचा लोहारच घडवीत असे. पुढे इंग्रजी अमलात शेफिल्ड शहराची पाती व बर्मिंगहॅमच्या घडीच्या पट्ट्या मुंबईमार्गे देशात येऊ लागल्या. आपल्या करवीर नगरीत मेजर मँट यांच्या आराखड्याचा नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला आणि १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. मोठ्या बांधकामांमुळे कुशल हातांस मागणी आली व आगगाडीमुळे विलायती माल जवळ आला. अशा काळात याच नगरीतील मेस्त्री घराण्यात जन्मलेले कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा येथे सिद्ध केला. कारागिराच्या हाताला हत्यार कोठलेही चालते, त्यामागची बुद्धी मात्र त्याची स्वतःची असावी लागते, हेच यावरून दिसते.

विलायती पोलादापुढे आपण उगाच न्यूनगंड बाळगू नये. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन याने १७४० नंतरच्या दशकात मातीच्या मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. परंतु मुशीतील पोलाद दक्षिण हिंदुस्थानात त्यापूर्वी कित्येक शतके होत होते. इंग्रज त्यास ‘वुट्झ’ म्हणत. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले आणि तेथील विद्वानांनी ते कुतूहलाने तपासले.

आता हत्यार ओळखावे कसे, हे पाहू. प्रथम कारखानदाराचे नाव व गाव वाचावे. लाकडी रंध्यावर ते पुढच्या तोंडावर ठोकलेले असते, पटाशीवर मुठीजवळच्या भागात असते, तर करवतीवर पात्यावर किंवा मुठीच्या पितळी चकतीवर सापडते. ‘कास्ट स्टील’ हे शब्द असले तर पाते मुशीच्या पोलादाचे, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातील किंवा विसाव्याच्या आरंभीचे समजावे. परदेशी मालावर शेफिल्डचे नाव ठोकण्याची लबाडी वाढली, तेव्हा इंग्लंडात १८८७ साली व आपल्याकडे १८८९ साली व्यापारी चिन्हांचे कायदे झाले. ‘मेड इन इंग्लंड’ असे शब्द असलेले हत्यार सहसा विसाव्या शतकातील निघते. बाणाच्या टोकासारखी खूण दिसल्यास ते कधीकाळी इंग्रज सरकारच्या मालकीचे होते असे जाणावे. ‘स्टॅन्ले’ हे नाव मूळचे अमेरिकेतील. त्याच नावाच्या रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असेल, तर तो १९३० नंतरच्या दशकात किंवा त्याही पुढे बनलेला असतो, कारण त्यापूर्वी ती कंपनी इंग्लंडात रंधे करीत नव्हती.

या विद्येचा पहिला प्रयोग आम्ही आमच्याच घरी केला व तो चांगलाच अंगाशी आला. आमच्या पेटीत एक लोखंडी रंधा आहे. तो पणजोबांना शाहू छत्रपतींनी स्वहस्ते बक्षीस दिला, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि शाळेत मुलांनाही ती अभिमानाने सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तो रॉकेलच्या फडक्याने पुसला, तेव्हा ‘रेकॉर्ड’ हे नाव व ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द स्पष्ट झाले. आमच्या नातीने संगणकावर जुनी सूचिपत्रे शोधून दिली. शेफिल्डच्या हॅम्प्टन यांच्या कारखान्याने ‘रेकॉर्ड’ नावाचे रंधे काढले ते १९३१ साली. शाहू महाराज तर १९२२ सालीच दिवंगत झाले होते!

हे थोरल्या बंधूंना सांगितले, तेव्हा ते रागावून म्हणाले, “मास्तर झालास म्हणून पणज्यालाबी नापास करणार व्हय रं?” आम्हांसही रात्रभर झोप आली नाही. पण इतिहास शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसाने घरचा इतिहास तेवढा न तपासता सांगावा, हे मनास पटेना. शेवटी आजोबांच्या जुन्या मोडी वह्या काढल्या. शके १८६० च्या वहीत ‘लोखंडी रंधा’ अशी नोंद असून, त्याची किंमत मजुरीतून चार वेळा थोडी थोडी फेडल्याचे लिहिलेले होते. दादांना ती वाचून दाखविली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी रंधा हाती घेतला आणि “आजोबांचा आहे,” एवढेच म्हणाले. राजाच्या देणगीपेक्षा स्वकष्टाने घेतलेले हत्यार आम्हांस कमी मोलाचे वाटत नाही.

पणजोबाही आम्हांस अंतरले नाहीत. पेटीच्या तळाशी झिजून निम्मी झालेली एक पटाशी होती. तिच्यावर ‘मार्पल्स अँड सन्स’ हे नाव, तिपानी गवताचे चिन्ह आणि ‘कास्ट स्टील’ हे शब्द निघाले. विल्यम मार्पल्स यांचे पुत्र १८६० साली धंद्यात आले, तेव्हा नावाशी ‘अँड सन्स’ जोडले गेले. म्हणून ही पटाशी १८६० च्या आधीची नव्हे, एवढे निश्चित. तिची मूठ विलायती बीच वा बॉक्सवुडची नाही, आपल्या बाभळीची आहे आणि तिच्यावर मोडीत पणजोबांच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले आहे. मूठ फुटते व बदलते, म्हणून मुठीवरून पात्याचे वय ठरवू नये. पण ही मूठ कोणाच्या हातात होती, हे त्या एका अक्षराने सांगितले. ज्याच्या कथेचा आम्ही गाजावाजा केला तो रंधा पणजोबांचा नव्हता आणि जिच्याकडे कोणी पाहिले नाही ती पटाशी त्यांची होती.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. वडील १९९७ साली वारल्यावर घर आवरताना अर्धी पेटी आम्ही स्वतःच भंगारात वजनावर घातली. त्यात दोन करवती व लाकडी रंधे होते. त्यांवर कोणाची अक्षरे होती, हे आता कधीच कळणार नाही. तिकडे शेफिल्डमध्ये केन हॉली (१९२७–२०१४) नावाच्या हत्यारांच्या दुकानदाराने आयुष्यभर अशी हत्यारे व सूचिपत्रे जमविली आणि तो संग्रह आज तेथील केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. त्यांनी हत्यारे घडविणाऱ्यांचा इतिहास राखला. ती वापरणाऱ्यांचा इतिहास राखणे आपल्याच हाती आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः भगिनींस आमची विनंती आहे. येत्या खंडेनवमीपूर्वी आपली पेटी उघडावी. गंज निघावा म्हणून पॉलिशपेपर मुळीच घासू नये, त्याने अक्षरे कायमची जातात. रॉकेलच्या मऊ फडक्याने पुसावे, खुणेवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी व उमटलेला ठसा वहीत चिकटवावा. शेजारी ते हत्यार कोणी वापरले, कोणत्या कामावर वापरले, हे घरातील वृद्धांस विचारून लिहावे. ठाऊक आहे तेवढेच लिहावे आणि ऐकीव असेल तेथे ‘ऐकीव’ असे लिहावे. हत्यार पुढेमागे विकावे लागले तरी वही घरात राहील आणि नातवंडांस पणजोबांचे अक्षर शोधावयास भंगाराच्या दुकानी जावे लागणार नाही.