मेकॅनोची कुळकथा

भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके, आस, कप्प्या आणि नट-बोल्ट यांचा संच म्हणजे मेकॅनो. पाना आणि पेचकस घेऊन त्यातून क्रेन, पूल किंवा मोटारगाडी जोडायची, ती चालवून पाहायची, मग सुटी करून त्याच भागांतून दुसरे काही उभारायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील ज्या घरांना परवडे, त्या घरांत मुलाच्या वाढदिवसाची किंवा नाताळची भेट ठरवताना या संचाचा विचार हमखास होई.

हे खेळणे आधी घरात तयार झाले आणि दुकानात नंतर आले. फ्रँक हॉर्नबी (१८६३–१९३६) हे लिव्हरपूलमध्ये मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेबनीस होते. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आपल्या मुलांसाठी ते फावल्या वेळात पत्रा कापून खेळणी करत. क्रेनसाठी कापलेला तुकडा पुलाला लागू पडत नसे. दर खेळण्याला नव्याने कापाकापी करावी लागे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा हाच मेकॅनोचा गाभा आहे. सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद करायच्या, भोकांमधले अंतरही सगळीकडे अर्धा इंच ठेवायचे आणि भोकांचे माप एकच राखायचे. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बोल्टने जोडता येते, आणि त्याच भोकांतून आस ओवला की चाक फिरू लागते. सुटे भाग एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत, हा कारखान्यांतला नियम त्यांनी मुलांच्या हातात आणून दिला.

जानेवारी १९०१ मध्ये हॉर्नबी यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अर्जाच्या शीर्षकात ‘खेळणे’ आणि ‘शैक्षणिक साधन’ हे दोन्ही शब्द होते. ते ज्यांच्या पेढीत काम करत, त्या डेव्हिड एलियट यांनीच भांडवल दिले आणि ते भागीदार झाले. ‘मेकॅनिक्स मेड इझी’ या नावाने पहिले संच साडेसात शिलिंगांना विकायला आले. ही रक्कम कामगार कुटुंबासाठी मोठी होती. एवढा पैसा केवळ खेळण्यावर खर्च करायला आईवडील सहज तयार झाले नसते. त्यांना त्यात शिक्षण दिसणे आवश्यक होते. लिव्हरपूलच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी संचाची शिफारस केली, ती या दृष्टीने मोलाची ठरली. मुलाच्या भवितव्यासाठी खेळणे विकत घ्यायचे, हा आज सर्वत्र दिसणारा विचार रुजवण्यात मेकॅनोचा वाटा मोठा आहे.

१९०७ मध्ये ‘मेकॅनो’ या नावाची नोंदणी झाली आणि पुढच्या वर्षी त्याच नावाची कंपनी स्थापन झाली. १९१४ पासून लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखान्यात उत्पादन होऊ लागले. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ निघाले आणि १९२६ मध्ये चकचकीत निकेलच्या जागी लाल-हिरवे भाग आले.

भेट निवडण्याच्या दृष्टीने या संचाची क्रमवारी विशेष महत्त्वाची. संचांना क्रमांक असत आणि दोन क्रमांकांच्या मध्ये पूरक संच असे. घरात १ क्रमांकाचा संच असला, तर ‘१ए’ आणला की त्याचा २ क्रमांकाचा संच होई. त्यामुळे आईवडिलांना दरवर्षी नवे खेळणे शोधावे लागत नसे, आणि आधीची भेट अडगळीतही जात नसे. मुलाचे वय आणि हातोटी वाढेल तसा संच वाढे. व्यापाराची ही युक्ती होतीच, पण मुलाच्या वाढीचा इतका नेमका विचार त्याआधी फार थोड्या खेळण्यांत झाला होता. सर्वांत मोठा, १० क्रमांकाचा संच खणांच्या लाकडी पेटीत मिळे. फार थोड्या मुलांना तो लाभला.

एक उणीव मोठी होती. पेटंटच्या शीर्षकात ‘मुले आणि तरुण’ एवढेच म्हटले होते. जाहिराती मात्र मुलग्यांनाच उद्देशून असत. मुलींच्या भेटींच्या यादीतून हे खेळणे वगळले गेले आणि त्यात त्यांचे खरे नुकसान झाले.

मेकॅनोचा उपयोग खेळापुरता राहिला नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणे सोडवणाऱ्या यंत्राची प्रतिकृती मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून उभारली आणि तिच्यावर प्रत्यक्ष गणिते केली. १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले हॅरल्ड क्रोटो आपल्या घडणीत मेकॅनोचा वाटा मोठा मानत. नट किती आवळायचा, हे बोटांना कळणे त्यांना महत्त्वाचे वाटे. दाबताच बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून ती जाण येत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे.

पण पालकांची पसंती त्या ठोकळ्यांकडेच वळत गेली. ते लहानग्यांना लवकर जमतात, रंगीत असतात आणि त्यांना पेचकस लागत नाही. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सकडे गेली, पुढे एअरफिक्सकडे. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. त्यानंतरही फ्रान्समध्ये उत्पादन चालू राहिले. भारतात याच धर्तीचे ‘मेकॅनिक्स’ संच मिळतात. ब्रिटनसह अनेक देशांत प्रौढ छांदिष्टांची मंडळे आहेत. त्यांच्यासाठी लहान कारखानदार जुन्या मापाचे सुटे भाग बनवून देतात.