विशेषणांची आडनावे : ‘ब्लॅक’, ‘व्हाइट’ आणि त्यांचे सोयरे

आपल्या मंडळाच्या कुलवृत्तांताचे काम चालू असताना घडलेला एक प्रसंग प्रथम निवेदन करतो. एक तरुण ज्ञातिबंधू आपल्या घराण्याची माहिती घेऊन आले. त्यांचे आडनाव एका शारीरिक व्यंगाचे वाचक आहे. माहितीचा कागद पुढे ठेवून ते संकोचाने म्हणाले, “आमचे हे आडनाव वृत्तांतात छापू नका. मुलीला शाळेत त्यावरून चिडवतात. आम्ही ते बदलणार आहोत.” शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध सभासदांना हे ऐकून संताप आला. “पणजोबांनी ह्याच नावाने जमीन कसली, ह्याच नावाने देवळाला पायरी बांधली. ते नाव पुसणारा तू कोण?” असा त्यांचा प्रश्न. दोघेही दुखावले, आणि कागद तसाच टेबलावर राहिला. त्या दिवसापासून ह्या विषयाने माझ्या मनात घर केले, आणि पुढील चार शब्द हे त्याचेच फळ होय.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी वाचकांना थोडे दूर, इंग्लंडात नेणार आहे. त्याचे कारण असे की, आडनाव कसे जन्मते, कसे रुजते आणि शेवटी अर्थहीन कसे होते, ह्याच्या लेखी खुणा तेथे जवळजवळ नऊशे वर्षांच्या दप्तरांतून सापडतात. ज्याला आपण विशेषण म्हणतो तेच कुलनाम झाल्याची उदाहरणे तर इंग्रजीत विपुल आहेत. ब्लॅक म्हणजे काळा, व्हाइट म्हणजे पांढरा, ब्राउन म्हणजे तपकिरी, लाँग म्हणजे लांब, शॉर्ट म्हणजे आखूड, यंग म्हणजे तरुण, वाइज म्हणजे शहाणा, स्ट्राँग म्हणजे बळकट. हे सर्व शब्द रोजच्या बोलण्यातले, आणि हीच सर्व आडनावेही आहेत.

इ. स. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यापूर्वी तेथील सामान्य मनुष्याला बहुधा एकच नाव असे. जेत्यांबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी नावे आली आणि जुनी सॅक्सन नावे हळूहळू मागे पडली. परिणाम असा झाला की, थोडकी नावे आणि माणसे पुष्कळ. एका खेड्यात चार विल्यम असले म्हणजे सारा वसूल करणाऱ्या कारकुनाने कोणाचे नाव मांडावे? तेव्हा प्रत्येकाला काही ना काही ओळख जोडणे भाग पडले. कोणी आपल्या गावावरून, कोणी बापाच्या नावावरून, कोणी धंद्यावरून, तर कोणी रूप अथवा स्वभाव ह्यांवरून ओळखला जाऊ लागला. इंग्रजी आडनावांचे हे चार मुख्य वर्ग होत. आपल्याकडील गावावरून पडलेली ‘कर’प्रत्ययान्त नावे आणि कुलकर्णी, जोशी, सुतार ही वृत्तिवाचक नावे ध्यानात घेतली म्हणजे मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, हे पटते.

ह्या चौथ्या वर्गाचाच येथे विचार कर्तव्य आहे. त्या काळची सरकारी कागदपत्रे लॅटिनमध्ये लिहीत. त्यामुळे काळ्या केसांच्या अथवा सावळ्या वर्णाच्या मनुष्यापुढे कारकून कधी ‘नायगर’ हा लॅटिन शब्द लिही, तर कधी फ्रेंच वळणाने ‘ल ब्लॅक’ असे लिही. ह्यातील ‘ल’ हे अक्षर फार महत्त्वाचे आहे. ‘ल ब्लॅक’ म्हणजे ‘तो काळा’. अर्थात हे अद्याप आडनाव नव्हे. एका जिवंत मनुष्याचे ते वर्णन आहे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत हा ‘ल’ कागदांतून गळत गेला आणि ‘ब्लॅक’ एवढेच उरले. मुलगा गोरापान असो, नातू तांबूस केसांचा असो, तो ब्लॅकच. विशेषणाने मनुष्याचे वर्णन करणे सोडले आणि घराण्याचा निर्देश करण्यास आरंभ केला, तो हा क्षण होय. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल ह्याने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. मग जे नाव वहीत चढले, ते पुढच्या पिढ्यांनाही बहुधा चिकटून राहिले.

आता एक मौज पाहा. जुन्या इंग्रजीत दोन वेगवेगळे शब्द होते. एक ऱ्हस्व स्वराचा, त्याचा अर्थ काळा. दुसरा दीर्घ स्वराचा, ‘ब्लाक’ असा, त्याचा अर्थ फिकट, उजळ. ‘ब्लीच’ म्हणजे कापड पांढरे करणे, हा आपल्या परिचयाचा शब्द ह्या दुसऱ्याच्याच कुळातला. मध्ययुगीन लेखनात हे दोन्ही शब्द इतके सारखे दिसू लागले की, कागदावरून त्यांचा निवाडा करणे दुर्घट झाले. ‘ब्लेक’ हे आडनाव त्या गोंधळातले आहे. विल्यम ब्लेक (1757–1827) हा थोर कवी व चित्रकार. परंतु त्याचा मूळ पुरुष काळा होता की फिकट, हे त्याच्या आडनावावरून कोणीही सांगू शकणार नाही. एकच नाव आणि त्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ! आडनावाच्या अर्थावरून पूर्वजांचे चित्र रंगवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण नित्य डोळ्यांपुढे ठेवावे.

काही आडनावांनी भाषेचा जुना ठेवाही जपून ठेवला आहे. ‘रेड’ म्हणजे तांबडा. हा शब्द पूर्वी दीर्घ स्वराने उच्चारीत. बोलण्यातला शब्द पुढे ऱ्हस्व झाला. परंतु तांबड्या केसांवरून पडलेले ‘रीड’ हे आडनाव आपला जुना दीर्घ स्वर घेऊन अद्याप उभे आहे. ‘मूडी’ म्हणजे आज लहरी. जुन्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ शूर, मानी असा होता. ह्याहून बोलके उदाहरण ‘सीली’ ह्या आडनावाचे. आज ‘सिली’ म्हणजे मूर्ख, खुळचट. पण ह्याच शब्दाचे पूर्वरूप ‘सीली’ असे होते आणि त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान, ईश्वराची कृपा असलेला, असा होता. जॉन रॉबर्ट सीली (1834–1895) ह्या केंब्रिजच्या इतिहासाचार्याने 1883 मध्ये इंग्लंडच्या विस्तारावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात हिंदुस्थानातील इंग्रजी सत्तेवर एक संपूर्ण व्याख्यानमाला आहे. त्याच्या पूर्वजाला गावाने ‘भाग्यवान’ म्हटले असावे. बिचाऱ्या शब्दाचेच भाग्य पुढे फिरले. तात्पर्य, आज जे नाव हास्यास्पद वाटते, ते ठेवले त्या दिवशी आशीर्वादासारखे असू शकेल.

परंतु सर्वच नावे अशी प्रेमाने पडलेली नाहीत. आयर्लंडात इंग्रजांची सत्ता डब्लिनच्या आसपासच्या मुलखात बळकट होती. तेथे 1465 मध्ये, चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, एक कायदा झाला. डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेअर ह्या परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या प्रत्येक आयरिश मनुष्याने इंग्रजी पेहराव करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे, असे त्यात फर्मावले होते. नाव कोठून घ्यावे हेही कायद्यानेच सांगितले : एखाद्या गावाचे घ्या, एखाद्या रंगाचे घ्या, जसे व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, एखाद्या हुन्नराचे घ्या, जसे स्मिथ म्हणजे लोहार, अथवा एखाद्या चाकरीचे घ्या, जसे कुक म्हणजे आचारी. न मानणाऱ्याची चीजवस्तू जप्त करण्याची शिक्षा होती. पुढील काळातही आयरिश भाषेतील कित्येक कुलनामांवर इंग्रजी पेहराव चढला. लोहाराचा पुत्र अशा अर्थाचे ‘मॅक गावन’ हे नाव अनेक ठिकाणी ‘स्मिथ’ झाले. तेव्हा एखाद्या आयरिश घराण्याचे ‘व्हाइट’ हे नाव कोणाच्या गोरेपणाचे नसून राजाज्ञेचेही असू शकते. नाव हे दप्तरातील एक अक्षर असले, तरी ते कोणी ठेवले ह्याला मोठा अर्थ असतो. गावाने हसत दिलेले नाव निराळे, आणि सत्तेने दरडावून दिलेले निराळे.

आता आपल्या मुलखाशी जवळचा संबंध असलेले एक उदाहरण देतो. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासू ज्या ग्रँट डफचे नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही, त्याचे मूळ आडनाव नुसते ग्रँट. जेम्स ग्रँट हा 1789 मध्ये स्कॉटलंडातील बॅन्फ गावी जन्मला, 1818 पासून 1822 पर्यंत साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी राहिला, आणि मायदेशी परतल्यावर 1825 मध्ये मातुल घराण्याची जहागीर मिळाली तेव्हा त्याने ‘डफ’ हे नाव आपल्या नावाला जोडले. पुढच्याच वर्षी, 1826 मध्ये, त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. ‘ग्रँट’ हे नॉर्मन-फ्रेंच विशेषण. अर्थ मोठा, थोर, उंच. ‘डफ’ हे गेलिक भाषेतील ‘डुव्ह’ ह्या विशेषणाचे रूप, अर्थ काळा. म्हणजे ज्याच्या इतिहासातील उणिवा निळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी दाखविल्या आणि पुढे राजवाड्यांनीही ज्याचा परखड समाचार घेतला, तो ग्रंथकार शब्दशः ‘थोर-काळे’ होता! दोन विशेषणे, दोन भाषा, दोन घराणी. आणि दुसरे नाव तर चांगले कमावते झाल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी घेतलेले. तरीही त्याच जोडनावाने तो इतिहासात अजरामर झाला. आडनावात भर घातल्याने त्याचे कूळ बुडाले नाही, की त्याच्या पूर्वजांची प्रतिष्ठा उणावली नाही.

मराठीत काळे, गोरे, ढवळे, शहाणे, भोळे, खरे, लहाने, बोबडे, टकले अशी आडनावे आपण नित्य ऐकतो. आपल्या भाषेने येथे एक सुंदर सोय केली आहे. विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते : काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू. आडनाव मात्र बदलत नाही. गृहस्थ काळे, त्यांच्या पत्नी काळे, कन्याही काळेच. इंग्रज आपले आडनाव मोठ्या अक्षराने वेगळे दाखवतो. आपल्या लिपीत ते साधन नाही, पण ते काम आपले व्याकरण करते. ‘काळेबाई गोऱ्या आहेत’ ह्या वाक्याला कोणी हसले, तरी त्याचा अर्थ समजण्यास कोणाला अडचण पडत नाही. विशेषण जिवंत असते, म्हणून ते वाकते. आडनावातले विशेषण कधीच निवर्तले आहे, म्हणून ते ताठ उभे राहते.

ह्यातूनच दुसरा बोध निघतो. काळा मनुष्य प्रत्येक गावात असतो, प्रत्येक समाजात असतो. म्हणून विशेषणवाचक आडनावे अनेक ठिकाणी, एकमेकांशी काडीचा संबंध नसता, स्वतंत्रपणे उगवतात. इंग्लंडातील सारे ब्राउन एका पुरुषाचे वंशज नव्हेत. आपल्याकडील सारे काळे एका कुळाचे, इतकेच काय एका जातीचेही नव्हेत. केवळ आडनाव सारखे म्हणून भाऊबंदकी जोडणे, अथवा आडनाव चमत्कारिक म्हणून सोयरीक नाकारणे, ह्या दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत. आपल्या वृत्तांताच्या कामात हा प्रमाद अनेकदा घडता घडता राहिला, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

मग आडनाव बदलावे की न बदलावे? इंग्लंडात 1862 मध्ये जोशुआ बग नामक एका गृहस्थाने ‘टाइम्स’ पत्रात जाहिरात देऊन ‘नॉरफोक हॉवर्ड’ असे भारदस्त नाव धारण केले. ‘बग’ म्हणजे ढेकूण. नॉरफोकचे ड्यूक हॉवर्ड घराण्यातले, अर्थात नाव थेट सरदारांच्या पंक्तीतले! लोकांनी काय करावे? त्यांनी ढेकणांनाच ‘नॉरफोक हॉवर्ड’ म्हणण्यास आरंभ केला. ही गोष्ट पुष्कळदा हसण्यासाठी सांगतात. मला तिच्यात दुःख दिसते. त्या गृहस्थाची चूक असलीच तर ती परक्याच्या मोठेपणाचा अंगरखा चढवण्याची होती; उपहासातून सुटू पाहणे ही चूक नव्हे. आणि हसणाऱ्यांची चूक त्याहून मोठी होती.

इतक्या विचारानंतर मी त्या टेबलावरच्या कागदाकडे परत येतो. त्या वयोवृद्ध सभासदांना मी नम्रपणे सांगेन की, जे नाव आपण पवित्र मानता, तेही एके काळी कोणी तरी नव्यानेच ठेवलेले होते. पणजोबांचे पुण्य त्यांच्या कष्टात आणि त्या पायरीत आहे, विशेषणात नाही. त्या तरुण मित्राला सांगेन की, आपल्या पूर्वजाला गावाने कोणत्या भावनेने ते नाव दिले हे आज कोणीही जाणत नाही, तेव्हा त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु शब्दाचा अर्थ मेला असला, तरी मुलीच्या डोळ्यांतले पाणी जिवंत आहे, आणि तिच्यासाठी नाव बदलण्याचा आपला अधिकार पूर्ण आहे. राजपत्रात नोंद करावी व सुखाने नवे नाव घ्यावे. मंडळाने मात्र एवढे करावे : वृत्तांतात नव्या नावासमोर जुने नाव, बदलाचे वर्ष आणि मूळ गाव मुद्दाम छापावे, म्हणजे शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याची वाट चुकणार नाही.

आणि आपल्या सर्वांकडून एकच अपेक्षा. आपल्या घरातील मुलाने वर्गातील कोणाच्या आडनावाला हसू नये, एवढे त्याला शिकवावे. ते झाले, तर कित्येकांना आपले आडनाव बदलण्याचे कारणच उरणार नाही.