भिंगारचे पाण्यातले घर : एका आराखड्याची कुळकथा

अहिल्यानगर शहराच्या आग्नेयेस, भिंगार छावणीला लागून असलेल्या लष्करी परिसरात, एका विस्तीर्ण चौकोनी तळ्याच्या मध्यभागी एक अष्टकोनी दुमजली वास्तू उभी आहे. दप्तरात तिचे नाव ‘फराहबक्ष बाग’, म्हणजे आनंद देणारी बाग, असे असले तरी लोकांच्या तोंडी ती ‘फराहबाग’ किंवा ‘फर्‍याबाग’ आहे. 1583 मध्ये, मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, तिचे काम पुरे झाले. मराठी घराची सवय असलेल्या डोळ्यांना ती आजही चमत्कारिक वाटते. वाड्याला दर्शनी बाजू असते आणि परसदार असते, ओटीवरून माजघरात जाताना परक्या माणसाने कोठे थांबावे हे घरच सांगते. येथे मात्र पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे ठरवता येत नाही, कारण चारही दिशांना सारख्याच उंच कमानी उघडतात आणि त्यांतून कोठूनही आत आले तरी माणूस घुमटाखालच्या एकाच मधल्या दालनात पोहोचतो. अशा घरात कोठी, माजघर, देवघर यांना जागाच नसते. राहण्यापेक्षा बसण्यासाठी बांधलेले हे घर आहे.

हा आराखडा मात्र कोणा लहरी सुलतानाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेला नाही. त्याचे शास्त्रीय नाव ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग : मध्ये एक मोठे दालन आणि त्याच्याभोवती, चार दिशांना व चार कोपर्‍यांना, मिळून आठ खोल्या अशी त्याची रचना असते. त्याचे मूळ तबरीझ आणि तैमूरी राजवटीतील हेरात या शहरांकडे जाते. तबरीझला आककोयुन्लू घराण्याने 15व्या शतकाच्या उत्तरार्धात याच नावाचा प्रासाद बांधला होता, तर हेरातच्या ‘तरबखान्या’चे, म्हणजे रंगमहालाचे, वर्णन बाबराने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. छोट्या बागेच्या मधोमध दोन मजली इमारत, चार कोपर्‍यांत चार खोल्या आणि मध्ये एकच दालन, असे ते वर्णन वाचताना भिंगारची वास्तू डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. बाबर हेरातला गेला तो 1506 मध्ये, आणि अहिल्यानगरच्या उत्तरेला पाण्याच्या मध्यभागी अष्टकोनी महाल असलेल्या ‘हश्त बिहिश्त’ बागेचा, लोकांच्या ‘बेहस्तबागे’चा, काळही 1506 च्या सुमाराचाच मानला जातो. हा योगायोग असला तरी इराणी कल्पना दख्खनच्या पठारावर किती लवकर रुजल्या होत्या याची त्यावरून कल्पना यावी. फराहबाग ही त्या बागेची वारसदार. तीन पिढ्यांनंतरची आणि अधिक महत्त्वाकांक्षी.

आराखडा परदेशी असला तरी पाणी इथलेच होते, आणि या घराची खरी करामत पाण्यात आहे. नगरचा मुलूख पर्जन्यछायेचा. भर उन्हाळ्यात तळे भरलेले ठेवणे येथे घर बांधण्यापेक्षा अवघड काम. निजामशाही राजधानीने कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा उंचावरील गावांकडून भूमिगत नळांचे एक जाळेच शहराकडे आणले होते. भाजलेल्या मातीच्या नळ्या चुन्यात व दगडी बांधकामात बसवून हे नळ केलेले असल्यामुळे त्यांना ‘खापरी नळ’ म्हणत. पाणी केवळ उतारावर वाहत येई. मार्गात ठिकठिकाणी उभारलेल्या मनोर्‍यांना ‘उच्छ्वास’ म्हणत, कारण नळीत कोंडलेली हवा आणि पाण्याचा वाढलेला दाब त्यांतून मोकळा होई. अशा नळांच्या भरवशावरच उघड्या माळावर तळे करून त्यात महाल उभा करण्याचे धाडस शक्य झाले. काळा दगड आणि त्यावर चुन्याचा बारीक गिलावा अशा जाड भिंती, पाण्यावरून येणारा वारा आत घेणार्‍या उंच कमानी, आणि ऊन बाहेरच्या खोल्यांनी अडवल्यामुळे गार राहणारे मधले दालन, असा हा सगळा बेत आहे. विक्षिप्त दिसणारे हे घर हवामानाच्या हिशेबाने पाहिले तर चांगलेच व्यवहारी ठरते.

विक्षिप्तपणा होता तो मालकात. 1565 मध्ये गादीवर आलेल्या मुर्तजाने 1574 मध्ये वर्‍हाडची इमादशाही जिंकली खरी, परंतु पुढे तो दरबारापासून इतका अलिप्त झाला की ‘दिवाना’ हे विशेषण त्याच्या नावाला कायमचे चिकटले. फराहबागेचे आधीचे काम पसंत न पडल्याने ते पाडून पुन्हा बांधले गेले, असे परंपरा सांगते. ते पुरे करवून घेतले मुर्तजाच्या वजिराने, दुसर्‍या सलाबतखानाने. येथे सुलतान दिल्लीच्या एका गवय्याबरोबर, ज्याला तो ‘फतेहशाह’ म्हणे, बुद्धिबळ खेळत बसे आणि त्याच्यासाठी त्याने बागेत वेगळा ‘लक्कडमहाल’ही बांधला, असेही सांगतात. राज्यकारभारापासून तोंड फिरवलेल्या माणसाला चहूकडून पाण्याने वेढलेले घर आवडावे, यात नवल काहीच नाही. मात्र पाण्याने त्याचे रक्षण केले नाही : 1588 मध्ये त्याचा पुत्र मीरान हुसेन याने त्याला तापवलेल्या हमामखान्यात कोंडून मारले. भिंगारच्या वाट्याला पुढे एक बादशाही मृत्यू आला. 1707 मध्ये औरंगजेब येथेच वारला, पण तो महालात नव्हे, छावणीत.

ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, असे नगरमध्ये अभिमानाने सांगितले जाते. दोन्ही वास्तूंत साम्य आहे हे नाकारता येत नाही, पण त्यावरून एकीपासून दुसरी निघाली असे म्हणणे घाईचे होईल. दिल्लीतील हुमायूनची कबर फराहबागेच्या सुमारे दशकभर आधीच याच आठ स्वर्गांच्या आराखड्यावर उभी राहिली होती, आणि मोगलांना तैमूरी वारसा शिकण्यासाठी दख्खनला येण्याचे कारण नव्हते. या दोघी मायलेकी नव्हेत. त्या एकाच आजीच्या नाती आहेत.

या कुळातले एक भावंड मात्र भिंगारच्या अगदी जवळ आहे. पाथर्डी रस्त्याने पुढे गेल्यावर शहा डोंगराच्या माथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत दुरूनच दिसते. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात, परंतु ती आहे फराहबाग पुरी करणार्‍या त्याच सलाबतखानाची कबर. सुलतानासाठी पाण्यात बसवलेला अष्टकोन त्याच्या वजिराने स्वतःसाठी डोंगरावर नेला. येथे तळे नाही, बाग नाही. आठही बाजूंना कमानी आहेत आणि त्यांतून वारा अष्टौप्रहर वाहतो. चांदबीबीचा या इमारतीशी संबंध लोकांनीच जोडला, आणि तोही इतका पक्का की खुद्द सलाबतखानाचे नाव सांगितल्यावर नगरच्या माणसाला क्षणभर ठिकाण आठवत नाही.