उमराहला निघताय? विमानतळ ते शहर मेट्रो-रेल्वेने कसे जायचे

कोकण, मराठवाड्यातून उमराहला निघालेल्या कुटुंबाचा टॅक्सीवर बराच पैसा जातो. बुजुर्ग अम्मी-अब्बा सोबत असले की दुसरा पर्याय सुचतच नाही. पण मुंबई आणि जेद्दा, दोन्ही विमानतळांना आता रेल्वेची जोड आहे. त्याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

मुंबई

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३, म्हणजेच ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. लांबी ३३.५ किलोमीटर, स्टेशने २७. परदेशी जाणारी विमाने टर्मिनल २ वरून सुटतात, म्हणून 'टी २' स्टेशनलाच उतरा. दक्षिण मुंबईकडून येताना आधी 'टी १' लागते, मग सहार रोड आणि त्यानंतर टी २. फक्त 'विमानतळ' ऐकून घाईत टी १ ला उतरू नका.

*सीएसएमटीला उतरणारे:* तिथेच मेट्रो ३ चे स्टेशन आहे, गाडी थेट टी २ ला जाते. हज हाऊस, क्रॉफर्ड मार्केट आणि मोहम्मद अली रोडसाठीही हेच स्टेशन सोयीचे.

*नागपाड्याकडे जाणारे:* मुंबई सेंट्रल स्टेशन घ्या.

*कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणारे:* रिक्षाने घाटकोपर गाठा. तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका. तिथे गाडी बदलली की पुढचेच स्टेशन टी २.

खरी अडचण वेळेची आहे. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या आसपास सुटतात. आखाताकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतरची असतात. जाताना संध्याकाळीच विमानतळ गाठता येतो, पण परतीचे विमान रात्री दोनला उतरले तर मेट्रो मिळणार नाही. तेव्हा प्रीपेड टॅक्सीचा खर्च आधीच हिशेबात धरा.

मेट्रोत सामान मशीनमधून तपासले जाते आणि टर्मिनलपर्यंत थोडे चालावेही लागते. माणशी एकच बॅग असेल तर त्रास होत नाही. चालणे जमत नसलेले कोणी सोबत असेल, तर थेट टॅक्सीच बरी.

जेद्दा

हरमैन हायस्पीड रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. मक्का ते मदिना ४५० किलोमीटरच्या या मार्गावर पाच स्टेशने आहेत, वेग ताशी ३०० किलोमीटर. त्यातले एक स्टेशन जेद्दा विमानतळाच्या टर्मिनल १ ला जोडलेले आहे. तुमचे विमान कोणत्या टर्मिनलला उतरते, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या, कारण सगळी विमाने टर्मिनल १ ला येत नाहीत.

विमानतळावरून मक्का साधारण तासाभरात येते. मात्र मक्केचे स्टेशन रुसैफा भागात आहे. हरम शरीफ तिथून काही किलोमीटर लांब, तेव्हा पुढे बस किंवा टॅक्सी करावीच लागते. विमान उशिरा आले तर गाडी चुकते, म्हणून इमिग्रेशन आणि सामानासाठी भरपूर वेळ सोडूनच रेल्वेचे तिकीट काढा.

टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये बस धरलेली असेल, तर रेल्वेचा खर्च दुप्पट होईल. आधी पॅकेजचा कागद नीट वाचा, मगच ठरवा.