कपाळावरचा ‘एम’

मागच्या भागात आपण गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यात होतो. आज त्याच अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनबद्दल बोलू. जर्मनीतल्या सेर्टुर्नर या तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेचं नाव त्याला दिलं.

फौजी माणसाला हे औषध युद्धामुळे माहीत. दुसऱ्या महायुद्धात जखमी जवानाला मॉर्फिन टोचलं की त्याच्या कपाळावर ‘एम’ लिहीत, सोबत वेळ. अमेरिकन सैन्यात रिकामी सुई कॉलरला टोचून ठेवत. कारण साधं होतं, पुढच्या ठाण्यावरच्याने नकळत दुसरा डोस देऊ नये. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने इटलीच्या आघाडीवर एक विचित्र गोष्ट पाहिली. थंडीने आणि रक्तस्रावाने गारठलेल्या जखमीला कातडीखाली दिलेलं मॉर्फिन तिथेच साचून राही. वेदना थांबत नाहीत म्हणून आणखी देत. मग जखमीला ऊब मिळाली, रक्ताभिसरण सुधारलं, की सगळं एकदम रक्तात उतरे आणि श्वास मंदावे. १९४४ मध्ये त्याने हे छापून सांगितलं. या औषधाचा खरा धोका तिथेच आहे. ते श्वास थांबवून मारतं, आणि दारू किंवा झोपेची गोळी जोडीला असली तर लवकर मारतं.

आता आपल्याकडे या. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. रोख तस्करांवर होता, पण चटका बसला रुग्णांना. किमान दहा वर्षांची कैद, आणि कायदेशीर साठ्यासाठीही वेगवेगळे परवाने. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. आणि हे कुठे? जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि परदेशी औषध कंपन्यांना विकली जाते, त्या देशात!

१९९८ साली माझ्या थोरल्या भावाचा कर्करोग हाडांत पसरला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुचवल्या. मी तेव्हा मेजर होतो, सुट्टीवर आलो होतो, आणि मीच अडून बसलो, “दादाला व्यसन लागेल.” ज्याच्या हाती काही महिने उरलेत त्याला! वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढे त्याचं कण्हणं ऐकवेना तेव्हा मी गावभर दुकानं पालथी घातली. गोळी कुठेच नव्हती. कायद्याला नावं ठेवतो खरा, पण पहिला नकार माझाच होता.

त्याच काळात केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार कालिकतच्या संस्थेतून रुग्णांना मॉर्फिन देत होते. नोंदवही काटेकोर, मात्रा बेताबेताने वाढवायची, बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून. अशा लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन वगैरे सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा झाला.

उलटी बाजूही आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं. व्यसनाची भीती फारशी नाही, असं सांगत विक्रेते डॉक्टरांच्या दारोदार फिरले. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, तोवर घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली होती. आपल्याकडे ट्रामाडॉल बराच काळ सैल सुटलेलं होतं, २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आलं.

गेल्या वर्षी वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी कॅलेंडरवर प्रत्येक गोळीची वेळ लिहिली. शेजारीण पाठदुखीसाठी दोन मागायला आली, तिला दिल्या नाहीत. उरलेल्या तीन मला देऊन म्हणाल्या, “भाऊजी, या डॉक्टरांकडे परत देऊन या.”